मुलाला एकही प्रश्न न विचारता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात पान चारवर एक बातमी होती आणि पान सहावर एक जाहिरात. बातमीचा मथळा असा, की अकरा वर्षांच्या मुलीचा बुद्ध्यांक १६२, आइन्स्टाइनलाही टाकलं मागे. जाहिरात अशी, की मुलाच्या दहा बोटांचे ठसे द्या आणि त्याची जन्मजात बुद्धिमत्ता आठ प्रकारांत, टक्केवारीसह जाणून घ्या; शाळांनी गटाने नोंदणी केल्यास सवलत. कोपऱ्यात ‘जाहिरात’ हा शब्द होता, नाही असं नाही, पण तो वाचायला मला चष्मा काढून, पुसून पुन्हा लावावा लागला. दोन्हींविषयी लिहायचं आहे. पत्र लांबणार. कापायचं झालं तर मधला इतिहास कापा, यष्टीची गोष्ट तेवढी ठेवा.

आधी मी कोण ते सांगते. एम. ए. मानसशास्त्र, १९८३. त्यानंतर एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत नोकरी. वर्ग घ्यायचे, आणि नवीन मूल आलं की त्याची बुद्धिमापन चाचणी घ्यायची, हे माझं काम. शाळेच्या पाटीवर सुरुवातीला ‘मतिमंद’ होतं, मग ‘गतिमंद’ झालं, मग ‘विशेष’, आणि मी निवृत्त झाल्यावर ‘दिव्यांग’. पाटी चारदा रंगवली, गळकं छप्पर तेच. माझं नाव छापू नये, कारण खाली ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसं अजून याच भागात राहतात.

जाहिरातीपासून सुरू करते, कारण ती घरात येऊन पोचली आहे. माझ्या भाच्याची मुलगी सात वर्षांची. तिच्या शाळेत एक गृहस्थ लॅपटॉप आणि मुठीत मावेल एवढा स्कॅनर घेऊन आले. पालकांकडून प्रत्येकी साडेतीन हजार रुपये घेतले गेले आणि दोन आठवड्यांनी चकचकीत कागदाचं चाळीस पानी पुस्तक घरी आलं. आत रंगीत वर्तुळं, वर्तुळाचे आठ तुकडे, प्रत्येक तुकड्यावर टक्केवारी, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. संगीत : ८.३४. भाचेसून ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. “मावशी, हिचं म्युझिकल सगळ्यात कमी आलंय. तबल्याचा क्लास बंद करावा म्हणते. उगाच महिन्याला सातशे रुपये.” मी पोरीला विचारलं, त्या काकांनी तुला काय काय विचारलं गं? ती म्हणाली, “काहीच नाही. बोट सरळ ठेव म्हणाले.”

हे उत्तर काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

ठसे घेणारी मंडळी पालकांना जे सांगतात त्यातला अर्धा भाग खरा असतो, आणि तिथेच माणूस फसतो. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात, हे खरं. मेंदूचीही घडण तेव्हाच चालू असते, हेही खरं. डाउन सिंड्रोमच्या पुष्कळ मुलांच्या तळहातावर दोनऐवजी एकच आडवी रेघ असते, हे तर मी रोज बघत होते. माझ्या वर्गात एका वेळी अशी चार-पाच मुलं असायची. पण तीच रेघ आमच्या शाळेच्या हिशेबनीसांच्या हातावरही होती, आणि त्यांच्या ताळेबंदात एक पैसा कधी इकडचा तिकडे झाला नाही. गर्भात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीवरून दुसरी वाचता येते असं नाही. नाहीतर नखं बघूनही गणिताचे मार्क सांगता आले असते.

गंमत म्हणजे हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे, आणि तो निकालात काढणारा माणूस असा, की ठशांत बुद्धी सापडली असती तर सगळ्यांत आनंद त्यालाच झाला असता. फ्रान्सिस गाल्टन. बुद्धी घराण्यातून उतरते असं सांगणारं मोठं पुस्तक त्यांनी १८६९ मध्ये लिहिलं. निवडक माणसांची पैदास वाढवून वंश सुधारण्याच्या कल्पनेला १८८३ मध्ये नाव दिलं तेही त्यांनीच. १८८४ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात त्यांनी प्रयोगशाळा थाटली. तीन पेनी द्यायचे आणि आपली नजर, कान, मुठीची ताकद, फुंकर, हात किती चपळ हे मोजून घ्यायचं. नऊ हजारांवर लोकांनी पैसे देऊन मोजून घेतलं. (पालकांनी स्वतःहून पैसे मोजावेत आणि आकड्यांचा कागद घरी न्यावा, हा धंदा नवा नाही. फक्त तीन पेनीचे साडेतीन हजार झाले.) ज्ञानेंद्रियं तीक्ष्ण तो माणूस बुद्धिमान, असा त्यांचा अंदाज होता. तो पुढे साफ कोसळला. १९०१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात क्लार्क विसलर यांनी अशाच मोजमापांचा विद्यार्थ्यांच्या गुणांशी ताळा घालून पाहिला, तर काही म्हणता काही संबंध निघाला नाही.

बोटांच्या ठशांवर गाल्टननी १८९२ मध्ये पुस्तक काढलं. ठसे आयुष्यभर बदलत नाहीत हे त्यांनी त्यात नीट दाखवलं, आणि पोलीस खातं आजही त्याच पायावर उभं आहे. पण ते तिथे थांबले नाहीत. वेगवेगळ्या वंशांचे, विज्ञान शिकणाऱ्यांचे, कला शिकणाऱ्यांचे, नामवंतांचे आणि आश्रमांतल्या मंदबुद्धी लोकांचे ठसे जमवून त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. कुठल्याही गटाची म्हणून वेगळी खूण सापडली नाही. स्वभाव, चारित्र्य, कुवत यांतलं काहीही ठशांत दिसत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. सगळं रक्तात असतं असं मानणारा माणूस, हातात भिंग, समोर ठशांचा ढीग, आणि तरी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाला. त्यांच्या बाकीच्या मतांचा मला तिटकारा आहे. या एका गोष्टीबद्दल मात्र मी त्यांना मानते.

जाहिरातीतले ‘आठ प्रकार’ घेतले आहेत ते हॉवर्ड गार्डनर यांच्याकडून. १९८३ मध्ये त्यांनी मांडलं की बुद्धी एक नसून अनेक आहेत. आधी सात सांगितल्या, निसर्गाची समज ही आठवी नंतर जोडली. याच्या बरोबर उलट चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवलं होतं, की एका विषयात पुढे असणारं मूल बहुधा दुसऱ्यातही पुढे असतं, तेव्हा मुळाशी एक सामान्य कुवत असावी. एक की आठ, हा वाद आजही मिटलेला नाही. मला वर्ग घेताना गार्डनर जास्त उपयोगी पडले. पाढे न येणारी पोरं लेझीमचे आकडे मात्र बरोबर टाकत, तेव्हा त्यांची आठवण यायची. पण त्यांच्या सिद्धान्तात ठसे कुठेही नाहीत. आणि ठशांवरच्या या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, म्हणजे आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, जाहीर सांगितलेलं आहे. ती बातमी आपल्याकडे छापून आली असेल तर माझ्या नजरेतून सुटली.

आता पान चार. १६२ या आकड्याचं तेवढं सांगून टाकते. ब्रिटनच्या मेन्सा या, बुद्ध्यांक खूप वर असणाऱ्यांच्या संस्थेत कॅटेल थ्री बी नावाची चाचणी चालत आली आहे. अठरा वर्षांखालच्यांना तीत जास्तीत जास्त १६२ गुण मिळतात, त्यापुढे पट्टीच संपते. ही पट्टीही वेगळी आहे. सरासरी सगळीकडे १०० धरतात, पण सरासरीपासून लांब जाताना कॅटेलचं एक पाऊल २४ गुणांचं आणि आपल्याकडे दवाखान्यात वापरतात त्या वेक्स्लरच्या चाचणीचं १५ गुणांचं. म्हणजे कॅटेलवरचे १६२ वेक्स्लरच्या पट्टीवर १३९ च्या आसपास भरतात. पोरगी हुशार आहे यात शंका नाही. पण चाचणीचं नाव न सांगता नुसतं १६२ छापणं म्हणजे उंची १६२ छापायची आणि इंच की सेंटिमीटर ते सांगायचं नाही. राहिले आइन्स्टाइन. त्यांनी बुद्ध्यांकाची चाचणी दिल्याची नोंदच कुठे नाही. मग मागे कुणाला टाकलं?

आता इतिहास. हवा तर इथून कापा.

बुद्धी मोजायची म्हणजे मुलासमोर बसायचं, ही पद्धत पाडली आल्फ्रेड बिने यांनी. पॅरिसचे. त्यांनीही आधी डोकी मोजून पाहिली होती, टेप घेऊन. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांच्या डोक्यांत फरक निघाला तो इतका किरकोळ, की आपल्या मनातलंच आपण टेपवर वाचत नाही ना, अशी त्यांना स्वतःचीच शंका आली आणि त्यांनी तो नाद सोडला. घरी दोन मुली होत्या. त्यांना प्रश्न विचारत, खेळ देत, उत्तरं टिपत बसायचे. १९०४ मध्ये फ्रान्सच्या सरकारने समिती नेमली : शाळेत मागे पडणारी मुलं कशी ओळखायची आणि त्यांना वेगळं शिक्षण कसं द्यायचं? त्या कामासाठी बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस कसोट्यांची मालिका काढली. पहिली कसोटी : पेटती काडी हलवायची, मूल डोळ्यांनी तिच्यामागे जातं का? पुढे एक अशी : चॉकलेटचा तुकडा आणि लाकडाचा तुकडा ठेवायचा, मूल कुठला उचलतं? त्यानंतरची : कागदात गुंडाळलेली गोळी द्यायची, कागद काढून खातं का? मी नोकरीला लागले तेव्हा हे पहिल्यांदा वाचलं आणि वाटलं, या माणसाने मुलं जवळून पाहिलेली आहेत.

बिने नुसते मोजून थांबले नाहीत. बुद्धी ठरलेली असते, वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर १९०९ च्या पुस्तकात ते चांगलेच बरसले. असल्या क्रूर निराशेचा आपण विरोध केला पाहिजे, असं त्यांनी लिहिलं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम तयार केले होते. १९११ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी ते वारले. त्यानंतर आकड्याला आवरणारं कुणी राहिलं नाही. जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला, म्हणजे मुलाची उत्तरं साधारण किती वयाच्या मुलासारखी आहेत त्याला, खऱ्या वयाने भागलं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्याला शंभराने गुणलं. झाला बुद्ध्यांक तयार.

त्याआधीच बिनेची चाचणी अमेरिकेत नेली ती हेन्री गोडार्ड यांनी, न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावच्या एका संस्थेत. आमच्यासारखीच निवासी शाळा होती ती. बोटीतून अमेरिकेत उतरणाऱ्या लोकांना त्यांनी ही चाचणी लावली आणि १९१७ मध्ये आकडे छापले : तपासलेल्यांपैकी ज्यू ८३ टक्के मंदबुद्धी, हंगेरियन ८०, इटालियन ७९, रशियन ८७. आठवडे बोटीत काढून आलेला माणूस, भाषा येत नाही, समोर साहेब, हातात पेन्सिल. माणसं मोजली की भीती मोजली, कुणाला ठाऊक. १९१७-१८ मध्ये अमेरिकन सैन्याने सतरा लाखांवर जवानांना अशा चाचण्या दिल्या. त्यात एक प्रश्न होता, क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? (वनस्पती तुपाचा तिथला ब्रँड. आपल्याकडे ‘डालडा म्हणजे काय’ विचारावं तसं.) त्या आकड्यांवरून प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये कोणता वंश हुशार त्याची उतरंड लावली आणि १९३० मध्ये आपलं विवेचन निराधार होतं अशी स्वतःच कबुली दिली. गोडार्डनीही पुढे बरंच मागे घेतलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

यातल्या एकाच मुलीविषयी मला लिहायचं आहे. व्हर्जिनियात कॅरी बक नावाची तरुण मुलगी होती. तिला, आणि तिच्या आईलाही, मंदबुद्धी ठरवलं. कॅरीच्या तान्ह्या मुलीकडे, व्हिव्हियनकडे, एका समाजसेविकेने पाहिलं आणि ‘काहीतरी बरोबर दिसत नाही’ अशा अर्थाची साक्ष दिली. मूल तेव्हा सात महिन्यांचं. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं, मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, आणि कॅरीची सक्तीने नसबंदी झाली. ती ‘तिसरी पिढी’ पुढे शाळेत गेली. १९३१ मध्ये तिचं नाव वर्गातल्या गुणवंतांच्या यादीत लागलं. १९३२ मध्ये, आठ वर्षांची असताना, आजाराने गेली. शाळेचं प्रगतिपुस्तक मागे राहिलं म्हणून हे कळलं तरी. मी आयुष्यभर प्रगतिपुस्तकं लिहिली, आणि व्हिव्हियनचं वाचल्यापासून शेरा लिहिताना हात जरा जपूनच चालायचा.

व्हाइनलँडचं नाव मात्र महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने आलं. त्याच संस्थेत पुढे एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये एक निराळी मोजपट्टी केली. मूल स्वतः जेवतं का, बटणं लावतं का, एकटं दुकानात जातं का, हे आईला विचारायचं. ती भारतीय मुलांसाठी बसवली नागपूरच्या डॉ. आर्थर मॅलिन यांनी, १९६५ मध्ये. ८९ मुद्दे आहेत. त्यांनीच वेक्स्लरची मुलांची चाचणीही भारतीय केली, ती १९६९ ची. आणि त्याच्याही आधी, लाहोरमध्ये हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्थानीत बिने आणल्यानंतर, धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी टर्मनची चाचणी बसवली. १९३० च्या दशकातलं काम, पुस्तक १९४० चं. ‘बिने-कामत’ म्हणून ती आजही वापरतात. माझं सगळं आयुष्य त्या चाचणीच्या सामानाच्या पेटीवर गेलं.

आता यष्टी.

२००७ सालची गोष्ट. कोयनेच्या बाजूच्या एका गावातून आई मुलाला घेऊन आली. मूल बोलायला उशिरा लागलं होतं, तिसरीत बसत होतं पण अक्षरं जुळत नव्हती. आईला अपंगत्वाचा दाखला हवा होता. दाखला म्हणजे एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत, आणि सवलत मिळाली तर तालुक्याच्या गावी वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा जाता येणार होतं. दाखला देणारं डॉक्टरांचं बोर्ड सिव्हिलला बुधवारी बसायचं. त्यासाठी माझा अहवाल लागत होता.

आधी मी त्याला लाकडी आकारांचा फळा दिला. दहा आकार, दहा खाचा, हातात घड्याळ. चांदणी त्याने दोनदा उलटी धरली, तिसऱ्यांदा बसवली आणि माझ्याकडे बघून हसला. मग कामतांची पेटी. खरे प्रश्न इथे लिहीत नाही. पेपर फुटला तर उद्या चाचणी कुणावर घ्यायची? त्याच जातीचा एक सांगते. गावाला जायचंय आणि गाडी चुकली, तर काय करशील?

तो म्हणाला, “चालत जायाचं.”

पुस्तिकेला हवं होतं ‘दुसऱ्या गाडीची वाट बघू’. मी नियमात बसेल एवढंच पुन्हा विचारलं, अजून काय करशील? तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मुक्कामाची यष्टी सकाळी येकदा जाती. दुसरी न्हाईच की. बाई, तुमच्यात दुसरी असती व्हय?”

त्या वर्षाच्या पातळीवरचा एक प्रश्न म्हणजे मानसिक वयाचे दोन महिने. मुलाचं खरं वय नऊ वर्षं सहा महिने, म्हणजे ११४ महिने. हा प्रश्न सोडून बाकीच्यांची बेरीज ७८ महिने. ७८ ला ११४ ने भागून शंभराने गुणलं की ६८. प्रश्न बरोबर धरला तर ८० महिने, बुद्ध्यांक ७०. तेव्हा केंद्राचे २००१ चे नियम लागू होते. ५० ते ६९ ला ‘सौम्य’, अपंगत्व ५० टक्के. ७० ते ७९ ला ‘सीमारेषेवर’, अपंगत्व २५ टक्के. आणि कायद्याने सवलती ४० टक्क्यांपासून पुढे. म्हणजे पोराचं शहाणपण मी मान्य केलं असतं तर त्याचा पास गेला असता. यष्टीच्या प्रश्नावर यष्टीचा पास अडला होता.

मी शून्य दिलं. पुस्तिकेत बसणारं उत्तर नव्हतं, म्हणून नियमाने शून्यच. पण मी फक्त नियमासाठी दिलं असं म्हणाले तर ते खोटं होईल. कडेला पेन्सिलने लिहिलं, ‘परिस्थितीला धरून उत्तर योग्य’. बुधवारी बोर्डापुढे तो कागद गेला. साहेबांनी खालचा आकडा पाहिला, शिक्का मारला. पेन्सिलचं कुणी वाचलं नाही. वाचलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी पुढे कैक रात्री केला. बाहेर आई उभी होती. “बाई, पास मिळंल न्हवं?” मिळेल म्हटलं. मिळाला. आता तो दूध संकलनावर आहे, कॅन उतरवतो, फॅटचं मशीन लावतो. आकडे वाचायला दुसरा माणूस लागतो, पण दूध पाणचट असेल तर मशीनच्या आधी तो सांगतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही मुलांना मी ७२, ७४ दिले आणि ती दाखल्याशिवाय परत गेली. तेव्हा मला वाटायचं, चाचणी म्हणते ते खरं असणार. नंतर जेम्स फ्लिन यांचं १९८४ चं काम वाचलं. अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात लोकांचे गुण जवळपास चौदांनी वाढले होते, म्हणजे जुन्या पट्टीवर नवीन मूल आपोआपच उंच भरतं. आणि माझी पट्टी १९३० च्या दशकातली, ती नव्याने बसवलेली नव्हती. त्या ७२ वाल्या मुलांना नव्या पट्टीवर किती मिळाले असते? त्यांच्या घरचे पत्ते माझ्याकडे नाहीत. २०१८ च्या नियमांनी टक्केवारी त्या नागपूरच्या ८९ मुद्द्यांच्या पट्टीवर नेली, मूल रोजच्या जगण्यात काय करू शकतं त्यावर. हे बरं झालं. तीही पट्टी १९६५ ची आहे, पण निदान तिच्यात आईला बोलू देतात.

हे सगळं मी माझ्या चाचणीची बदनामी करायला लिहीत नाही. माझी चाचणी जुनी होती, शहरी होती, आकडा दोन महिन्यांनी इकडचा तिकडे व्हायचा. तरी त्या पाऊण तासात मूल माझ्यासमोर बसलेलं असायचं. त्याने मुक्कामाच्या यष्टीचं सांगितलं, म्हणून मला कळलं की आकडा कुठे चुकतो आहे. स्कॅनरवाल्या गृहस्थांना हे कळायची सोयच नाही. त्यांच्या चाळीस पानांत चूक झाली तर ती दाखवणार कोण? ती सात वर्षांची पोर काही बोललीच नाही; तिला तोंड उघडायचं कारणच पडलं नाही.

तेव्हा विनंती अशी. अशा जाहिरातींवर ‘जाहिरात’ हा शब्द निदान मथळ्याएवढा तरी छापा. बुद्ध्यांकाची बातमी देताना चाचणीचं नाव आणि ती कुणी घेतली ते विचारा. सांगत नसतील तर आकडा गाळा, बातमी राहू द्या. आणि कुणा पालकाला खरोखरच काळजी असेल, मूल बोलत नाही, वर्गात मागे पडतं, तर साडेतीन हजार रुपये जवळच ठेवा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथे पैसे पडत नाहीत. रांग असते, डबा घेऊन जा. मुलाला भूक लागलेली असताना चाचणी देऊ देऊ नका, आणि ‘माझं मूल आज आजारी आहे’ असं सांगायला लाजू नका. परत बोलावतात.

तबल्याचं म्हणाल, तर क्लास चालू आहे. त्रितालाचा ठेका पाठ झालाय, त्यातली ‘खाली’ची मात्रा अजून चुकते. ते पुस्तक भाचेसुनेने फेकलं नाही, पैसे मोजलेत ना. गॅसच्या कार्डाबरोबर कपाटात आहे.

आपली वाचक,
एक निवृत्त विशेष शिक्षिका
(नाव व पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये)

ता. क. : पान चारवरच्या मुलीचं अभिनंदन करायचं राहून गेलं. तिला पक्षी ओळखायला आवडतात आणि तिच्याकडे स्वतःच्या हाताने काढलेल्या चित्रांची वही आहे, असं बातमीच्या शेवटच्या ओळीत होतं. त्या वहीचं एखादं पान छापलं असतंत तर मी कात्रण काढून ठेवलं असतं.